भीती नसलेला भाग

आमच्या आवडत्या भीतीच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आला आणि आम्हा चाहत्यांत दोन तट पडले. पहिल्या भागात ओसाड इस्पितळात आपण एकटेच असायचो. या भागात सोबतीला पाय दुखावलेली एक नर्स दिली आहे, आणि सोबत असली की भीती कसली, असं बहुतेकांनी नेटवर लिहिलेलं. मीही नाक मुरडतच खेळायला बसलो आणि एकामागून एक दारं उघडत सुटलो.

शेजारी मटार सोलत बसलेली आई मध्येच म्हणाली, “अरे, ती बाई मागे राहिली बघ.”

मी वळून पाहिलं. कॉरिडॉरच्या पार टोकाला नर्स भिंतीला टेकून उभी होती. तिला घेऊन आलो, आणि मग प्रत्येक दारापाशी थांबू लागलो. पूर्वी मागे वळायचो ते कुणी येत नाही ना, हे बघायला. आता वळत होतो ते ती येतेय ना, हे बघायला.

संध्याकाळी आईबरोबर भाजीला निघालो. फाटकापाशी पोचल्यावर मागे पाहिलं, तर आई अजून जिन्यातच होती, कठडा धरून.

“तू हो पुढे,” ती म्हणाली. “मी येतेच.”

या भागात भीती नाही असं लिहिणारी मुलं फार लहान असावीत.