मन्मथअप्पांची खात्री

'देवाची मर्जी' हे शब्द कानावर पडले की मन्मथअप्पा उठून बाहेर जात. मग ते लग्नघर असो की मयताचं घर. रागावून नव्हे, शिंक आलेला माणूस बाजूला होतो, तसे. बाहेर फेऱ्या मारत, आतला विषय बदलला असेल असा अंदाज आला की परत येत. नळदुर्गात लोकांना याची सवय झाली होती. काही टवाळ मंडळी मुद्दाम ते शब्द उच्चारत आणि अप्पा उठले की त्यांची खुर्ची पटकावत.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात बदलून आलो आणि खोली शोधत त्यांच्याकडे गेलो. हायवेला लागून त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि वर त्यांचं घर आणि एक रिकामी खोली होती. जात, गाव, खाणंपिणं यातलं काही न विचारता त्यांनी विचारलं, देव मानता का? ठामपणे सांगता येत नाही, असं मी म्हणालो. ते काउंटरमागून बाहेर आले.

"म्हंजी शक हाय. शक म्हंजी अर्धा नमस्कार, डॉक्टर. एक तर पुरता करा, न्हायतर हात खाली घ्या."

खोली मिळाली. पण त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा म्हणजे वाद, हे ठरूनच गेलं. अप्पांना बसून बोलता येत नसे. गिऱ्हाईक असलं तरी दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, हातात एखादं बेअरिंग फिरवत बोलत. ट्रकवाले काळे गोंडे, लिंबू-मिरची, देवादिकांची स्टिकरं मागत. ती अप्पा ठेवत नसत. "ब्रेकचं लायनर बदला," म्हणत. "उतारावर तेच वाचवतं." लोकांना वाटे, या माणसावर कधीतरी मोठा घाव बसला असणार, म्हणून देवावर रुसला. तसं काही नव्हतं. अप्पा सांगत, काय झालं न्हाय, नुसतं डोळं उघडं ठेवलं.

माझं म्हणणं साधं होतं. जनावराचा आजार मला सापडला नाही, तर सापडला नाही एवढंच मी म्हणू शकतो. आजारच नाही असं म्हणू शकत नाही. मग देव नाही, असं तुम्ही छातीठोक कसं सांगता? अप्पांनी लगेच उलटा प्रश्न टाकला. गोठ्यात बैल न्हाय हे सांगायला आख्खं जग हिंडावं लागतं का? वाकून बघितलं, बैल न्हाय, संपलं. मी म्हणालो, गोठ्याला चार भिंती असतात. तुम्ही ज्या गोठ्याबद्दल बोलताय त्याला भिंत कुठं आहे?

अप्पा चालता चालता थांबले. त्या संध्याकाळी त्यांनी चहा प्यायला नाही. सकाळी मी एका गाभण म्हशीला तपासत होतो, तर दवाखान्याच्या दारात हजर. न विंचरलेले केस, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"भिंती न्हाईत तर तो गोठाच न्हाय," ते म्हणाले. "आन गोठाच न्हाय तर बैल बांधायचा कुठं?"

म्हैसवाला माझ्याकडे बघत राहिला. उत्तर चांगलं होतं. पण ते स्वतः त्यावर समाधानी नव्हते, हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं. दुपारी फोन करून त्यांनी सांगितलं की त्यात थोडी खोट हाय, बघतो.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी अगदी उलट. कपाळावर विभूती, पहाटे पूजा, आणि तुळजापूरला गेल्याशिवाय त्यांचा महिना सरत नसे. नेत अप्पाच. स्कूटर लावून ते चपलांच्या दुकानाशी उभे राहत, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत. एकदा मीही सोबत होतो. आत का येत नाही, असं एका भाविकानं विचारलं, तर म्हणाले, आत माझ्या बायकोचं काम हाय, माझं न्हाय. काकू बाहेर आल्या, त्यांनी प्रसाद पुढं केला. अप्पांनी खाल्ला. पेढ्याशी माझं भांडण न्हाय, असं मला डोळे मिचकावून सांगितलं.

मग काकू आजारी पडल्या. सोलापूरला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. शेवटी डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. दुखणं पोटाचं होतं आणि वाईट होतं. हळूहळू काकूंची पूजा सुटली. बसवत नाही म्हणून सुटली, असं सगळे समजत होते.

एका दुपारी मी भेटायला गेलो होतो. मुलगा महेश औषधं आणायला गेला होता. काकूंच्या उशाशी अप्पा उभे होते. मी दारातच थांबलो. काकू छताकडे बघत हलक्या आवाजात बोलल्या.

"अवो, तुमी जन्मभर न्हाय न्हाय म्हणत आलाव. आता मला खरं सांगा. तिथं कुणीच न्हाय, हे तुमाला पक्कं ठाऊक हाय का?"

अप्पांनी पलंगाची दांडी धरली. मला वाटलं, ते बाहेर जातील. ते गेले नाहीत.

"मला ठाऊक न्हाय," ते म्हणाले. "पक्कं ठाऊक न्हाय."

काकूंनी डोळे मिटले आणि एवढं पुरे, असं काहीतरी पुटपुटल्या. अप्पा माझ्या शेजारून जिना उतरले, अनवाणीच, आणि हायवेच्या कडेनं धाब्यांच्या दिशेनं चालत सुटले. महेशला मोटरसायकल घेऊन त्यांना शोधावं लागलं. त्याच आठवड्यात काकू गेल्या.

खरी अस्वस्थता त्यानंतर सुरू झाली. अप्पांना बायको गेल्याचं दुःख होतंच. पण त्यांना पोखरत होतं ते वेगळंच. आपण तिला खरं सांगितलं की खोटं? तिला बरं वाटावं म्हणून बोललो असू, तर आयुष्यभर जपलेली खात्री बायकोच्या उशाशी गुंडाळून ठेवली. आणि खरं बोललो असू, तर ती खात्री आधीही नव्हतीच. मग इतकी वर्षं लोकांना काय सांगत फिरलो? हाच प्रश्न ते मला विचारत, कधी दुकानात, कधी कुणाच्या गोठ्यात गाठून. गिऱ्हाईकाला फिल्टरऐवजी फॅनबेल्ट देत. मोबाइलवर वादविवादांचे व्हिडिओ लावत आणि अर्ध्यात बंद करत. म्हणत, ह्यांच्यातल्या कुणाला मरणाऱ्या माणसानं इचारलेलं न्हाय.

"म्या म्हणायचो, शक म्हंजी अर्धा नमस्कार," एकदा ते म्हणाले. "मग माझा अर्धा झाला का?"

मी म्हणालो, तुम्हाला वाटत असेल तर झाला. ते माझ्यावर चिडले. वाटण्यावर असतं तर इतकं कशाला फिरलो असतो, म्हणाले.

असंच वर्ष गेलं असेल. एका सकाळी ते दवाखान्यात आले आणि माझ्या समोरच्या स्टुलावर चक्क बसले. त्यांना बसून बोलताना मी पहिल्यांदा पाहत होतो. सावकाश बोलले.

"देव न्हाय, हे म्या आजबी म्हणतो. पक्कं ठाऊक हाय असं म्हणत न्हाय. ह्या दोन गोष्टी हाईत, डॉक्टर. मला एकच वाटायच्या. तिच्याशी म्या खोटं बोललो न्हाय."

एवढं बोलून उठले. चालत दुकानाकडे निघाले.

पावसाळ्याच्या अखेरीस दुकानातच त्यांचं हृदय थांबलं. शेतात, काकूंच्या शेजारी खड्डा घेतला. लिंगायतांमध्ये मृताला बसवून माती देतात आणि त्याच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग तरुणपणीच उतरवलं होतं. विधी करणारे जंगम स्वामी नवं घेऊन आले होते. ते ठेवायचं की नाही, यावरून भावकीत कुजबुज सुरू झाली. महेश मला बाजूला घेऊन गेला.

"तुम्ही होता तिथं," तो म्हणाला. "आईला त्यांनी सांगितलं होतं ना, ठाऊक न्हाय म्हणून? तीच म्हणाली मला. म्हंजी शेवटी ते बदलले होते."

मी त्याला स्टुलावर बसलेल्या त्या सकाळची गोष्ट सांगितली. ठाऊक नाही म्हणणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं, असं म्हणालो. हे बोलताना मला विचित्र वाटत होतं. इतकी वर्षं मी ज्यांच्या खात्रीला टोचण्या लावल्या, त्यांच्याच नकाराची बाजू मी ओल्या ढेकळात उभा राहून मांडत होतो.

"आन न ठेवून आपली चूक झाली तर?" महेशनं विचारलं.

"ठेवलं आणि चूक झाली, तर त्यांना ते काढता येणार नाही," मी म्हणालो.

तो स्वामींच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलला. स्वामींनी मान हलवली आणि इष्टलिंग परत पिशवीत ठेवलं. विभूतीची वाटी मात्र महेशच्या हातातच होती. त्यानं चिमूट घेतली, खाली वाकला, थांबला. मग ती विभूती त्यानं स्वतःच्या कपाळाला लावली आणि बापाला नुसती माती दिली.