काकूंच्या कोपराएवढा ओटा

गवंड्याने पोस्टमनकाकांना पहिल्यांदा नीट पाहिलं, ते अर्धवट बांधलेल्या स्वयंपाकघरात. ते खाली बसून जमिनीपासून बायकोच्या कोपरापर्यंत सुतळी मोजत होते.

"ओटा एवढाच उंच हवा. जन्मभर पाटावर उभी राहून स्वयंपाक केलाय हिने."

"मी बुटकी नाही हो, हेच ताडमाड वाढलेत!" काकू गवंड्याला म्हणाल्या आणि मोगऱ्याची जागा दाखवायला त्याला मागच्या अंगणात घेऊन गेल्या.

ओट्याचा दगड यायच्या आत काकू तापाने गेल्या. गवंड्याने चाचरत विचारलं, "काका, आता तुम्हालाच रांधायचंय. वीतभर वर घेऊ?"

काकांनी कोरड्या चेहऱ्याने खिशातली सुतळी त्याच्या हातात दिली.

"एवढाच."

आता काका त्या ओट्यावर कमरेत वाकून भाजी चिरतात. अंगणात अजून काही लावलेलं नाही.