डावं मागचं चाक

दसऱ्याला सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या गारखेड्यातल्या घराच्या पोर्चमध्ये गाडीची पूजा झाली. हार घातला, बोनेटवर हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला, पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं गेलं. वडील स्टिअरिंगवर बसले. त्यांनी पहिला गिअर टाकून क्लच सोडला. गाडीचं बूड खाली दबलं, इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. लिंबं जशीच्या तशी होती.

पोर्चला गल्लीच्या बाजूनं उतार आहे. म्हणजे न्यूट्रलमध्येही गाडी आपोआप सरकायला हवी होती. दुसऱ्या प्रयत्नातही ती हलली नाही. शेजारचे निवृत्त मास्तर कंपाउंडवर कोपर टेकून बघत होते. ते म्हणाले, "अण्णा, लिंबावर गाडी चढंना, दौलताबादचा घाट कसा चढायचा?" गल्ली हसली. वडीलही हसले. तिसऱ्यांदा मागून खाडकन आवाज आला, गाडीनं उडी मारली आणि दोन्ही लिंबं एकदम चिरडली.

हँडब्रेक वर राहिला असणार, असं माझी बायको हळू आवाजात म्हणाली. मी आत डोकावून पाहिलं. दांडा खाली होता आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझलेला होता. पण घरात उत्तर आधीच ठरलेलं होतं.

वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे. पडेगावच्या पुढं आमची साडेतीन एकर जमीन आहे. तिथं पेरू आणि सीताफळ आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी स्वतः गाडी चालवत तिकडं जातात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. पावसाळ्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते पुन्हा चालवू लागले आणि तेव्हापासून तक्रारी सुरू झाल्या. गाडी ओढत नाही. पेट्रोल जास्त खाते. घरी आली की जळकट वास येतो.

पुण्याच्या बहिणीनं फोनवर निदान केलं: अण्णा हँडब्रेक सोडायला विसरतात. मला ते पटलं. बायकोलाही पटलं. वयाशी जुळणारं कारण सापडलं की दुसरं कुणी शोधत नाही. वडिलांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की ते हँडब्रेकला हातच लावत नाहीत. हे उत्तर आम्ही विसरभोळेपणाचा आणखी एक पुरावा मानला.

दसऱ्याच्या संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवून तिघांनी मिळून निर्णय घेतला. वडिलांनी आता गाडी चालवू नये, शेतावर जायचं असेल तेव्हा मी रविवारी नेईन. वडील ऐकत होते. मग उठून त्यांनी शर्टाच्या खिशातली किल्ली फ्रिजवर ठेवली आणि सोनं वाटायला बाहेर गेले.

पुढचे चार दिवस ते बसनं गेले. पडेगावला उतरून पुढं पायी. परत आले की बसमधल्या बातम्या सांगत: कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं. कुरबुर काही नव्हती. फक्त जेवताना ते पूर्वी शेताबद्दल बोलायचे, ते थांबलं. दुपारच्या बसला गर्दी असते म्हणून ते शेतावरून अकरालाच निघत होते आणि सीताफळाचं बरंच काम दुसऱ्यांवर सोडून येत होते. हे बायकोच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही.

पाचव्या दिवशी रविवार होता. चहा पिताना वडील मला म्हणाले, "चल, पडेगावपातूर जाऊन येऊ. तू चालव. मी मागं बसतो. हँडब्रेकला तूच हात लाव, तूच सोड."

मी दांडा पूर्ण खाली असल्याची खात्री केली, दिवा विझलेला पाहिला आणि निघालो. गाडी जड वाटत होती. पायाखालून कुणी मागं ओढतंय असं. परत येईपर्यंत तोच जळकट वास आत आला होता आणि या वेळी मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला त्यासाठी जबाबदार धरता येत नव्हतं.

वडील उतरले, घरातून तांब्याभर पाणी घेऊन आले. उजव्या मागच्या चाकाशी वाकून त्यांनी बोटांनी पाणी आत शिंपडलं. काही झालं नाही. मग डाव्या चाकाशी गेले आणि तसंच शिंपडलं. चुर्र असा आवाज आला आणि वाफेची एक बारीक रेघ वर आली.

दारात उभी असलेली माझी बायको म्हणाली, "तवा तापलाय."

"व्हय," वडील म्हणाले. "भाकरी टाकायचा."

तिला ते माझ्याआधी कळलं, कारण रोज सकाळी ती हीच परीक्षा घेते. ब्रेक सुटला असेल तर चाक इतकं तापत नाही. दांडा खाली असतानाही डाव्या चाकातला ब्रेक धरून होता. वडिलांना हे दसऱ्याच्या आधीपासून माहीत होतं. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. सांगितलं होतं, ते म्हणाले, हँडब्रेकला मी हात लावत नाही म्हणून. मी स्वतः वृत्तपत्रात काम करतो; तिथं पंचवीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो की समोरच्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी सोडायची नाही.

दुपारी मेन रोडवरचा मेकॅनिक मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी टांगून आला. पन्नाशीचा माणूस, तोंडात बडीशेप. चाक तोपर्यंत गार झालं होतं. वडिलांनी पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर चढली. उजवं मागचं चाक हातानं फिरवलं की फिरत राहत होतं. डावं दोन्ही हातांनी ढकललं तर पाव फेरा घेऊन थांबत होतं.

चाक निघालं, पण त्याच्या आतला ब्रेकचा ड्रम निघेना. मेकॅनिकनं त्याच्या कडेनं गोल फिरत हातोडीचे हलके घाव घातले, मग ड्रमला असलेल्या दोन भोकांत दोन बोल्ट आवळत नेले. ड्रम इंच इंच बाहेर सरकला. आत काळी भुकटी साचली होती. मास्तर कंपाउंडवरून वाकून फुंकर मारायच्या बेतात होते, त्यांना त्यानं लांब केलं. ही धूळ छातीत गेलेली चांगली नाही, म्हणून त्यानं ओल्या फडक्यानं पुसून घेतली. आतलं लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारा थर, घासून काचेसारखं चकचकीत झालं होतं.

मग त्यानं खरी तपासणी केली. हँडब्रेकची केबल ब्रेकच्या आतल्या ज्या पट्टीला ओढते, तिथून ती सोडवली. पट्टी लगेच आपल्या जागेवर गेली. म्हणजे ब्रेक ठीक होता. केबल हातानं ओढली, तर ती ओढली तिथंच राहिली. चाकाजवळ तिचं रबरी वेष्टन फाटलं होतं, आत पाणी जाऊन तार गंजली होती.

हँडब्रेक कोण वापरतं, असं त्यानं विचारलं. वडिलांनी सांगितलं की ते कधीच वापरत नाहीत. गाडी गिअरमध्ये उभी करायची आणि चाकाला दगड लावायचा, ही त्यांची ट्रॅक्टरपासूनची सवय. आठ वर्षांत त्यांनी तो दांडा ओढलेला नाही. मेकॅनिक म्हणाला की तार हलतच नसेल तर ती गंजणारच.

"लेकिन खींचा तो किसीने," तो म्हणाला.

मग मी सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी गाडी तीन आठवडे उभी राहणार होती. उतार आहे म्हणून मीच हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाइप लावून गाडी धुतली, चाकांच्या आतही पाणी मारलं आणि नंतर पुन्हा शेवटपर्यंत ओढून ठेवला, तोही मीच. दोन्ही वेळा दांडा खालीही मीच केला होता.

मेकॅनिकनं बडीशेप चघळत माझ्याकडं पाहिलं, मग वडिलांकडं. "नुक्स गाडी में था," तो म्हणाला, "चाचा में नक्को ढूंडो."

मास्तरांनी कंपाउंडवरून विचारलं की मग किल्ली आता कुणाची काढून घ्यायची. बायको आत गेली. ती हसत होती.

मी नवी केबल आणि दोन्ही चाकांसाठी लायनरचा जोड आणला. साडेपाचपर्यंत सगळं बसलं. दांड्यामागचा नट फिरवून मेकॅनिकनं ताण असा ठेवला की दांडा ‘कट’ असा पाच-सहा वेळा वाजेपर्यंत ओढल्यावर ब्रेक धरावा आणि सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरावीत. रोज एकदा तरी ओढत जा, असं त्यानं वडिलांना बजावलं, आणि गाडी धुऊन उभी ठेवायची असेल तर ओढू नका, असं मला.

चाचणीला वडील स्टिअरिंगवर बसले, मेकॅनिक शेजारी, मी मागं. दसऱ्यापासून घरात त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं होतं ते तपासायचं म्हणून मी पडेगावपर्यंत बारकाईनं पाहत राहिलो. प्रत्येक वळणाला त्यांनी इंडिकेटर दिला. सिग्नलला पट्ट्याच्या आत थांबले. एका म्हशीला त्यांनी जितका वेळ दिला तितका मी दिला नसता. लिहून ठेवावी अशी चूक सापडली नाही.

रात्री बहिणीला मी सगळं सांगितलं. ती अण्णांना फोन दे म्हणाली. वडिलांनी फोन घेतला आणि सीताफळ या वर्षी लई चांगलं धरलंय, दिवाळीला ये म्हणाले. हँडब्रेकचा विषय कुणीच काढला नाही. फोन ठेवून त्यांनी फ्रिजवरची किल्ली उचलली आणि झोपायला गेले.

सोमवारी मी सात वाजता उठलो तेव्हा पोर्चमध्ये गाडी नव्हती. बायकोनं सांगितलं, सहालाच गेले, जेवायला दीड वाजेल म्हणालेत.