ठकूआत्याचा लोकरीचा पुंजका

बबनचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या शाळेत चौथीच्या पोरांना गुणाकार शिकवत होतो. "आई गेली," एवढंच बोलला तो. मग सांगायला लागला, "सकाळी उठली, तोंड धुतलं, दुधात भाकरी कुस्करून खाल्ली, उन्हाला बसली व्हती. म्या हाक मारली तर..." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "तोंड धुतलं? गार पाण्यानं?" दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हणाला असता, मास्तरचं डोकं फिरलं. बबनला मात्र कळलं. "गार पाण्यानं, दादा. दोन्ही गालांना," तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही फोनवर रडलो. खोटं कशाला सांगू, रडता रडता मला अभिमानही वाटत होता. त्याला आता दीड महिना झाला.

ठकूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, बबनची आई. डिंभ्याच्या वरच्या अंगाला तिची वस्ती. आमचं मूळ मेंढपाळाचं. वडील शेतीत रमले, मी शाळेत शिरलो, पण आत्यानं वीस-पंचवीस मेंढरं शेवटपर्यंत सांभाळली. आवाज असा खणखणीत, की अलीकडच्या डोंगरावरून तिनं हाळी दिली की पलीकडचं मेंढरू मान वर करायचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ही बाई एकाएकी गप्प झाली. उजव्या गालाला पदर धरून बसायची. बोललं की कळ, घास चावला की कळ, वाऱ्याची झुळूक लागली तरी कळ. तोंड धुणं बंद, भाकरी बंद, नुसती पेज, तीही मान वाकडी करून डावीकडनं. तिच्या हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं.

मी घरातला शिकलेला, त्यामुळे दवाखान्याचं काम आपसूक माझ्याकडं आलं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. पेशंट स्टुलावर मुकाट बसतो आणि शिकलेला नातेवाईक शेजारी उभा राहून बोलतो. मी झकास बोलायचो. "डॉक्टर, यांची दाढ दुखते." दाढ काढली. महिन्यानं पुन्हा गेलो, "डॉक्टर, अजून दुखतंय," तर शेजारची काढली. मग तिसरी. पुढच्या डॉक्टरांना मी सांगितलं, "चेहरा दुखतो, सारखा." त्यांनी आधीचे कागद वाचले आणि तेच थोड्या वेगळ्या शब्दांत लिहिलं. त्यापुढच्यांनी त्यांचं वाचून लिहिलं. फाइल जाड होत गेली आणि आत्या बारीक. एकानं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : एटिपिकल फेशियल पेन. मला वाटलं, सापडला एकदाचा रोग! डिंभ्याला जाणारी एसटी त्या दिवशी नेहमीप्रमाणे आलीच नाही. घोडेगावच्या स्टँडवर बसून मी आत्याला अर्थ समजावला, "म्हणजे नेहमीसारखी नसलेली, चेहऱ्याची वेदना." तिनं पदराआडून माझ्याकडं पाहिलं. "म्हंजी तोंड दुखतंय. आरं, ते तर म्याच सांगितलं व्हतं की त्याला!"

मला तेव्हा हसू आलं. पण त्या बिनकामाच्या शब्दानं पुढं फार छळलं. पुढच्या डॉक्टरांनी तो वाचून विचारलं, "घरात काही टेन्शन?" आणि मी दीडशहाणा ताबडतोब म्हणालो, "हो ना, यांचे मालक वारल्यापासून जरा..." झालं! झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. वस्तीवर बातमी पोचली की ठकूबाईचं दुखणं मनाचं हाय. सून तोंडावर काही बोलायची नाही, पण भांडी आपटायची. कुणी म्हणालं, ढोंग हाय. इकडं दातांच्या डॉक्टरांकडं चौथी दाढ काढायचा दिवसही ठरला. त्याच आठवड्यात आत्या मला म्हणाली, "मास्तर, समद्या दाढा घ्या रं काढून. पर येडी म्हणू नगा मला."  

शाळेतल्या एका बाईंनी पुण्यातल्या नसांच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं, म्हणून चौथ्या दाढेचा बेत पुढं ढकलून आम्ही पुणं गाठलं. त्या डॉक्टरही बाईच होत्या. मी सवयीनं फाइल टेबलावर ठेवली आणि सुरुवात केली, "मॅडम, यांना एटिपिकल..." त्यांनी फाइल न उघडता बाजूला सरकवली. "पेशंट तुम्ही आहात?"

"नाही, मी भाचा."

"मग तुम्ही जरा बाहेर बसा."

असा राग आला म्हणता! पंधरा वर्षं पोरांना वर्गाबाहेर काढणारा माणूस मी, आणि मलाच बाहेर? पण गेलो. दार अर्धवट उघडं होतं, कान आत लावून बाकावर बसलो. डॉक्टरबाईंनी तिलाच विचारलं. मग आत्याचा आवाज आला, हळू, अडखळत.

"बाई, आमचं मेंढरू चरायचं थांबलं की आमी त्याच्या अंगावरनं हलका हात फिरवतो. कुठं बिचकतंय ते बघायचं. तसं म्या माज्या तोंडावर फिरवून बघितलं. हात न्हाई, ही लोकर." फटीतून मला दिसलं. तिनं कमरेची पान-तंबाखूची चंची उघडून पांढऱ्या लोकरीचा पुंजका काढला होता. "कपाळाला काय न्हाई. हनवटीला काय न्हाई. हितं नाकाच्या कडंला, तांदळाएवढी जागा हाय बगा, तितं लोकर टेकली की वीज पडती. धा आकडं मोजूस्तवर जाती. गेली की कायबी दुखत न्हाई, लई ब्येस वाटतं. मास्तर सांगतो सारखं दुखतं, ते खोटं हाय."

मी बाकावर मान खाली घातली. तीन वर्षं ही बाई पुरावा कमरेला बांधून माझ्या शेजारी बसत होती, आणि मी तिला एकदाही तोंड उघडू दिलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी खण उघडून कापसाचा बोळा काढला आणि हसल्या. "मावशी, मी आता हेच करणार होते." मग मला आत बोलावलं. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं ते. दाढा बिचाऱ्या निर्दोष होत्या. स्कॅन करून खात्री करायची होती, गोळ्या अर्ध्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायच्या होत्या, अधूनमधून रक्त तपासायचं होतं. "तुमच्या आत्यांनी अर्धं निदान घरूनच करून आणलंय," त्या म्हणाल्या. आत्यानं माझ्याकडं जो कटाक्ष टाकला... "ऐकलंस का रं, मास्तर?"

पहिले काही दिवस तिला गरगरलं. मग एका सकाळी डिंभ्याच्या दुकानातून शाळेत फोन आला, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीभर ऐकू जाईल असा आवाज : "मास्तर, भाकरी खाल्ली! कडक भाकरी!" थंडीत आम्ही लेण्याद्रीला गेलो. तीनशेच्या वर पायऱ्या, आणि वर बोचरं वारं. मी म्हणालो, "आत्या, पदर घे." तिनं उलट पदर खांद्यावर टाकला आणि उजवा गाल वाऱ्याकडं करून उभी राहिली. "लागू दे. तीन वरसांचं ऱ्हायलंय." दर्शनाच्या रांगेतले लोक बघत होते, आणि मी खुशाल नाक पुसत होतो.

त्यानंतर तोंड दुखणाऱ्या बाया तिच्याकडं यायला लागल्या. आत्या नवऱ्यांना, दिरांना ओट्यावर पिटाळायची, बाईच्या हातात पुंजका द्यायची आणि मी असलो तर मला दटावायची, "ती म्हणंल तेच लिव्ह. तुजं शाणपण नगं." तो कागद घेऊन बाई डॉक्टरकडं जायची. "औषीद देणारी म्या कोण? म्या निस्ती बोलती करते," असं तिचं म्हणणं. एकीची खरोखर दाढच किडलेली निघाली, तर म्हणते, "मंग काढ की! म्या काय दाढांची वकील हाय?"

मागल्या रविवारी मी वस्तीवर गेलो होतो. कोनाड्यात तिची चंची तशीच आहे. पुंजका आता पिवळट पडलाय, तंबाखूचा वास येतो त्याला. मी तो हातात घेऊन बसलो होतो, इतक्यात दारात एक जोडपं आलं. नवऱ्याच्या काखेत जाडजूड फाइल. "ठकूबाई हायती का?" बबननं ती गेल्याचं सांगितलं. नवरा चुकचुकला, मग मला पाहून म्हणाला, "मास्तर तुमीच न्हवं? हिचं बगा, समदं तोंड सारखं..." बायको त्याच्यामागं उभी होती. डाव्या गालाला पदर.

"पावणं," मी म्हणालो, "तुमी जरा बाहेर बसा."

असा राग आला त्याला! तो राग मी चांगला ओळखतो. बबननं त्याला पाणी देऊन ओट्यावर बसवलं. मी पुंजका त्या बाईच्या हातात दिला, वही उघडली आणि गप्प बसलो. तिनं पदर खाली घेतला, आणि बोलायला लागली.