गोणपाटावरचे दोन बोल्ट

बापू मिस्त्रीचं डोकं मी फोडलं होतं.

चाकाच्या पान्यानं. त्यांच्याच दारात, त्यांच्या बायकोच्या डोळ्यांदेखत.

आज सकाळी बापू गेले. ग्रुपवर सगळे हात जोडायला लागलेत. त्यातले चौघं तर त्या दिवशी त्यांना लाथा घालत होते. आता फुलं टाकतात.

म्हणून खरं काय ते लिहिते. मला कुणी शहाणपण शिकवू नका.

नव्वदीतली गोष्ट. इस्लामपुरात आमच्या दारातच घरच्या ट्रकचं इंजिन आणि गिअरबॉक्स खाली काढला होता. दुरुस्ती झाली. खंडेनवमीच्या सकाळी बापूंनी ते परत चढवायला घेतलं.

डिझेलनं धुतलेले बोल्ट गोणपाटावर मांडून ठेवायचे. गोणपाट रिकामं झालं की काम संपलं. बापूंची ही पद्धत.

पूजेतल्या हत्याराला आमच्यात दसऱ्यापर्यंत हात लावत न्हाईत. आणि बापूंचं तर काम चालू. त्यांनी एक मोडका पाना तेवढा पूजेला दिला.

मी म्हटलं, "हातोडा तरी द्या की."

"वैनी, हातोडा दिल्यावर गाडी काय डोक्यानं ठोकू?"

मालक, म्हंजे आमचे हे, केबिनमधनं ओरडत होते, "बापू, आवर रं गड्या! साताऱ्याला माल टाकायचाय."

दुपारी मालक माल भरून गाडी घेऊन गेले.

वाटेत चढावर गिअरबॉक्सच्या मागचा लांब शाफ्ट निखळला. खाली आपटत आपटत त्यानं ब्रेकचा पाइप तोडला. भरलेली गाडी मागं घसरली, दरडीला धडकली आणि उजव्या अंगावर पडली.

मालकांचा उजवा हात केबिनखाली गेला. कोपरापासनं काढावा लागला.

मागच्या गाडीचा ड्रायव्हर सांगत आला, "वैनी, शाफ्टला चारातले दोनच बोल्ट हुते. दोन लावलेच न्हाईत."

मी चाकाचा पाना उचलला आणि बापूंचं दार गाठलं.

"बोल्ट कुठायत, मुडद्या?"

"लावलेत की वैनी. गोणपाट रिकामं झालं..."

पुढचं बोलू दिलं न्हाई. पहिला घाव डोक्यात. दुसरा खांद्यावर. रक्त माझ्या तोंडावर उडालं. गर्दीनं मला धरलं न्हाई, बापूंनाच पाडून तुडवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातनं कपडे न्यायला घरी आले. दसरा होता. पूजा उचलायला गेले.

झेंडूच्या फुलांखाली दोन बोल्ट. हळदकुंकू लावलेले.

मीच ठेवले होते. नुसता मोडका पाना, ताट भुंडं दिसत होतं. गोणपाटावरचे दोन चकचकीत दिसले, उचलले.

मागं बापू उभे. डोक्याला पट्टी. मालकांची चौकशी करायला आलेले. माझ्या हातात काय आहे ते त्यांनी बघितलं.

मला वाटलं, आता हा माणूस गावभर बोंबलणार. मालक मला घरात ठेवत न्हाईत.

बापू म्हणाले, "वैनी, बोल्ट मोजायचं काम मिस्त्रीचं असतंय. तुमचं न्हवं."

आणि गेले.

मी बोल्ट विहिरीत टाकले.

पुढं मालकांनी भर बाजारात डाव्या हातानं बापूंच्या थोबाडीत मारल्या. बापू गप. मी पण गप. बापूंच्या हातात कुणी गाडी देईना. शेवटी बायकापोरं घेऊन कवठे महांकाळला गेले आणि विहिरींच्या मोटारी दुरुस्त करत बसले. एवढा इंजिनचा माणूस.

तोंड माझ्याकडं पण होतं. शिव्या द्यायला चाललं. खरं बोलायला न्हाई चाललं.

आज बातमी आल्यावर मालकांना सगळं सांगितलं. म्हटलं, आता मारा न्हाईतर हाकला.



ते उठले, कपाटातनं कोरा शर्ट काढून एका हातानं अंगात घातला आणि माझ्यापुढं उभे राहिले.

"बटणं लाव. बापूच्या मातीला जाऊया."

बापू, चूक माझी होती. सगळ्यांसमोर सांगते. येतोय आम्ही दोघं. शेवटचा नमस्कार.