आप्पांचं वाकडं पाकीट

त्या वर्षी माझे पाय मला बसू देत नव्हते. डोकं फिरलं म्हणून रांजणगावच्या कंपनीतून घरी आलो होतो, आणि ‘कामाला योग्य’ असं पत्र आणल्याशिवाय ते मला गेटच्या आत घेणार नव्हते. त्या पत्रापायी दर मंगळवारी दौंडहून एसटीनं शिरूरला यायचो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही सहा पेशंट सतरंजीवर बसून गोळ्यांची कागदी पाकिटं करायचो. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "पाकिटांचं सोडा. चार माणसांत नीट बसता आलं, की डॉक्टरांना पत्र द्यायला सांगते." मला ते पटायचं नाही. मग पाकिटं करायचीच कशाला?

कंपनीत मी तपासणीला होतो. माझ्या हातून वाकडा माल कधी पुढं गेला नाही. आणि इथं शेजारी निमोणे गावचे आप्पा. बाप मेंढरांमागं हिंडलेला, हे शेती करणारे, महिनोन्‌महिने कुणाशी न बोललेले. त्यांची घडी हटकून तिरकी. एका मंगळवारी माझं डोकं सटकलं. त्यांची पाकिटं ओढली आणि "रिजेक्ट, रिजेक्ट" म्हणत एकेक फाडत सुटलो. बाईंनी हात धरेपर्यंत सगळी संपली होती. आप्पा खळीचे हात धोतराला पुसून उठले आणि निघून गेले.

पुढचे दोन मंगळवार ते आले नाहीत. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गोळ्यांनी तुमचे पाय हलतात ना, तसे त्यांचे हात कापतात." दुसऱ्याचं कुसळ तेवढं मला दिसलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्राचं विचारणार होतो, ते तोंडातच राहिलं.

तसाच निमोण्याला गेलो. आप्पांची सून म्हणाली, "मामा गोठ्याकडं हायेत. पंधरा दिस झालं, त्येच चाललंय."

गोठ्याच्या कडेला आप्पा जुन्या वहीची पानं घेऊन बसले होते. भोवती पाकिटंच पाकिटं. मी उभ्याउभ्याच माफी मागायला लागलो, पाय काही थांबेनात. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. ढिगातलं एक निवडलं आणि थरथरत्या हातानं माझ्यापुढं धरलं. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आता तरी पास हाय का?"

घडी बोटभर तिरकी होती. मी त्यांच्याजवळ खाली बसलो, पाकीट उजेडाकडं धरून चारी बाजू तपासल्या.

"पास हाय, आप्पा," मी म्हणालो. "मंगळवारी घेऊन या."