सुकलालने घासलेला दात

बातमी आली तेव्हा मी यम झालो होतो. गोडादऱ्यात आमच्या गल्लीच्या गणपतीत दरवर्षी नाटक असतं आणि माझं पोट बघून मंडळाने ती भूमिका मला कायमची देऊन टाकली आहे. मिशी अर्धी चिकटली होती, गदा काखेत होती, आणि फोनवर सुकलालच्या पत्नी, इंदूवहिनी, म्हणाल्या, "भाऊ, तुमचा दोस्त गेला." दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. मी तसाच धावलो. जिन्यात शेजारच्या आजींनी मला अडवलं. "नेलंस ना एकदा? आता परत कशाला आलास?" सुकलालने हे ऐकलं असतं तर नुसतं हसण्यासाठी तरी तो उठून बसला असता...

सुकलालचं तोंड म्हणजे बोळकं. दात सगळे तंबाखूने नेले होते आणि केलेली कवळी डब्यात पडून असायची. अंडंसुद्धा न खाणारा माणूस. आणि याचा छंद काय, तर मांसाहारी डायनासोरचे, दगड झालेले दात जमवणं! तेही मोठ्या जनावरांचेच. मी चिडवायचो, "बोळक्या, स्वतःचे सांभाळता आले नाहीत, दुसऱ्याचे कशाला?" तो शांतपणे म्हणायचा, "माझे गेले म्हणूनच. कोणाचे तरी टिकले, हे रोज बघायला बरं वाटतं."

हे सुरू झालं कतारगामच्या हिऱ्यांच्या कारखान्यात. सुकलाल तिथे घंटीवर, म्हणजे गरगर फिरणाऱ्या चाकावर, हिरे घासायचा. शेठचा पुतण्या कच्च्या मालासाठी आफ्रिकेत जायचा. एकदा त्याने मोरोक्कोच्या बाजारातून बोटभर लांबीचा एक तपकिरी दात आणला आणि गंमत म्हणून सुकलालच्या हातावर ठेवला. सुकलालने भिंग लावलं. कडेला बारीक बारीक दाते, करवतीसारखे. हिरेवाल्याच्या डोळ्याला तुटकी किनार सोसत नाही. त्याला वाटलं, माल कडेला खचलाय. बसला घंटीवर, आणि एक कड आरशासारखी गुळगुळीत करून कौतुकाने पुतण्यासमोर धरली. पुतण्या कपाळावर हात मारून ओरडला, "सुकलाल, आ शुं कर्युं?" ते दाते म्हणजेच तर त्या जनावराची मांस फाडायची धार होती! संध्याकाळी सुकलाल माझ्याकडे आला, चेहरा पडलेला. "कोट्यवधी वर्षं टिकलेली धार," तो म्हणाला, "मी चहाच्या सुट्टीआधी घालवली."

दुसरा कोणी असता तर तो दात कुठेतरी फेकून मोकळा झाला असता. याने तो मागून घेतला आणि मग दातांच्या मागेच लागला. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवायचा. आलेला दात दिव्याखाली फिरवून आधी डिंकाचा सांधा शोधायचा, कारण दोन तुटके चिकटवून एक अख्खा करणारे बाजारात बसलेले असतात. खरा निघाला की फळीवर. त्या फळीला फडकं लावायची घरात कोणालाही बंदी. "एकदा पुसून बघितलंय मी," म्हणायचा.

दहाव्याला अमळनेरहून आलेल्या थोरल्या भावाची, भिकनदादांची, नजर त्या फळीवर गेली. घर भरलेलं होतं. दादा गरजले, "हाई काय शे? मरेल जनावरना हाडकं घरमा? म्हणून तर माना भाऊ गया! आजच तापीमा सोडी दे." सगळे माना हलवू लागले. कोणीतरी पिशवीही आणली. सुकलाल दुसऱ्यांदा चालला होता, आणि या वेळी आम्हा सगळ्यांच्या देखत. वहिनी पदर खोचून फळीसमोर उभ्या राहिल्या. "हाडकं नहीत भाऊजी, दगड शेतस. आणि त्यास्ले कोनी हात लावाना नही." दादांनी ऐकलं नाही. हात लांब करून सगळ्यात मोठा दात मुठीत आवळला आणि खसकन ओढला... आणि "आयव!" करून सोडला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब. वहिनींनी दात शांतपणे जागेवर ठेवला. "चावना ना? त्याले बी जानं नही."

दहाव्याच्या घरात हसू नये. मी तोंडात उपरणं कोंबलं. पण आधी हसले ते भिकनदादाच, आणि हसता हसता भावासाठी पहिल्यांदा रडले. पिशवी तशीच रिकामी परत गेली.

परवा वहिनींची दिवाळीची साफसफाई चालू होती. भांडी लखलखीत, खिडक्या धुतलेल्या, पंख्याची पातीसुद्धा चकचकीत. फक्त त्या फळीवर बोटभर धूळ, जशीच्या तशी. कोणी काही म्हणू दे! तो पहिला, फसलेला दात पुढेच असतो. मी उचलला आणि अंगठा फिरवला. एका कडेला अजून खरखर लागते, ती त्या जनावराची. दुसऱ्या कडेवरून अंगठा अलगद घसरतो, कुठेच अडत नाही. तेवढी कड आमच्या सुकलालची. आता तीही टिकेल...